लोण्याचा प्रदेश आणि हृदयविकार : फिनलंडमधील उत्तर करेलियाचे प्रकरण

१२ जानेवारी १९७१ रोजी फिनलंडच्या पूर्व सीमेवरील उत्तर करेलिया प्रांतात एका विनंतिअर्जावर सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांत प्रांताचे राज्यपाल एसा तिमोनेन होते, तिथून निवडून गेलेले संसद सदस्य होते आणि अनेक स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी होते. आमच्या भागातील पुरुष ऐन उमेदीच्या वयात हृदयविकाराने मरत आहेत आणि हे थांबवण्यासाठी राष्ट्रीय शासनाने तातडीने काहीतरी करावे, एवढेच त्या अर्जाचे सार होते. लोकांनी सरकारकडे रस्ता मागावा, धरण मागावे, दुष्काळी मदत मागावी, हे आपल्या परिचयाचे आहे. पण आपल्याच जगण्याच्या पद्धतीतून उद्भवलेल्या आजारावर उपाय मागण्यासाठी एक अख्खा प्रांत पुढे आला, ही गोष्ट असाधारण होती. पुढे जे घडले ते समजून घेताना हा प्रारंभ विसरता येत नाही, कारण शासनाला लोकांच्या ताटात डोकावण्याचा अधिकार तिथे लोकांनीच आधी दिला होता.

त्या वेळी उत्तर करेलियाची लोकसंख्या सुमारे एक लाख ऐंशी हजार होती. जंगल, तळी, लहान शेते आणि दुभती जनावरे असा हा ग्रामीण मुलूख होता आणि योएन्सू हे त्याचे मुख्य शहर. आहार आणि हृदयविकार यांचा संबंध तपासण्यासाठी अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासात फिनलंडचाही समावेश होता. फिनिश संशोधक मार्त्ती कार्वोनेन यांनी सांभाळलेल्या फिनलंडच्या भागातून असे दिसले की, अभ्यासातील सर्व प्रदेशांत पूर्व फिनलंडमधील पुरुषांना हृदयविकाराचे प्रमाण सर्वाधिक होते. १९६९ ते १९७१ या काळात उत्तर करेलियात ३५ ते ६४ वर्षे वयाच्या दर एक लाख पुरुषांमागे वर्षाला सुमारे ६७२ जण हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मरत होते. यातले अनेक जण जंगलात लाकूड तोडणारे, दिवसभर अंगमेहनत करणारे, सडपातळ बांध्याचे होते. ‘काम करणाऱ्याला काही होत नाही’ हा आपल्याकडेही ऐकू येणारा दिलासा तिथे खोटा ठरला होता.

ताटात काय होते

याचे उत्तर शोधायला युद्धोत्तर काळात जावे लागते. दुसऱ्या महायुद्धात करेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांहून अधिक माणसे विस्थापित झाली. त्यांना आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांना जमिनी देण्यात आल्या. जंगल तोडून शेते तयार झाली, गोठे उभे राहिले. धान्य आणि भाजीपाला यांना तिथला उन्हाळा तोकडा पडतो, पण गवत भरपूर येते, म्हणून गाय हाच संसाराचा आधार झाला. टंचाई सोसलेल्या पिढीच्या दृष्टीने पावावर जाड थर दिलेले लोणी, पेल्यात साय असलेले दूध आणि रश्श्यात चरबीचे मांस ही सुबत्तेची खूण होती. ही भावना समजायला मराठी वाचकाला कष्ट पडू नयेत. पाहुण्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवताना जे मनात असते, तेच त्यामागे होते.

१९७२च्या वसंतात केलेल्या पाहणीत सुमारे ९० टक्के लोकांनी पावाला मुख्यतः लोणी लावत असल्याचे सांगितले. पुरुषांच्या रक्तातील कोलेस्टेरॉलची सरासरी डेसिलिटरमागे सुमारे २६७ मिलिग्रॅम भरली. निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करत होते आणि रक्तदाबाची सरासरीही चढी होती. मीठ सढळ हाताने वापरले जाई. मासे आणि मांस खारवून टिकवण्याची जुनी गरज शीतकपाटे आल्यावर संपली होती, चव मात्र तीच राहिली होती. भाजीपाला जवळजवळ नव्हताच, आणि हिरवा पाला हे जनावरांचे खाणे आहे अशी अनेक पुरुषांची समजूत होती.

सत्तावीस वर्षांचा डॉक्टर आणि एक मूलभूत निर्णय

प्रकल्प १९७२मध्ये सुरू झाला आणि त्याची सूत्रे पेक्का पुस्का या २७ वर्षांच्या डॉक्टरकडे आली. वैद्यकाबरोबर त्यांनी राज्यशास्त्राचेही शिक्षण घेतले होते, आणि मला वाटते की या प्रकरणात त्या दुसऱ्या शिक्षणाचे महत्त्व पहिल्याइतकेच आहे. शेजारचा कुओपिओ प्रांत तुलनेसाठी निवडण्यात आला. तिथे पाहणी व्हायची, पण प्रकल्पाचे काम व्हायचे नव्हते.

सुरुवातीलाच एक निर्णय घ्यावा लागला. ज्यांचा धोका फार मोठा आहे अशी माणसे हुडकून त्यांच्यावर उपचार करायचे, की सगळ्या प्रांताची सरासरी थोडीथोडी खाली आणायची? पहिला मार्ग डॉक्टरांच्या सवयीचा आहे. पण जिथे जवळजवळ प्रत्येकाचेच कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, तिथे ‘रुग्ण’ आणि ‘निरोगी’ यांच्यातली रेघ ओढणार कुठे? मरणाऱ्यांपैकी बहुतेक जण मध्यम धोक्याच्या, स्वतःला धडधाकट समजणाऱ्या मोठ्या गटातलेच असतात. म्हणून प्रकल्पाने अख्ख्या प्रांतालाच आपले काम मानले. वाढलेल्या रक्तदाबाच्या व्यक्तींवर उपचार झालेच. त्याच वर्षी लागू झालेल्या लोकस्वास्थ्य कायद्याने नगरपालिका आणि ग्रामपालिकांची आरोग्य केंद्रे उभी राहू लागली होती, आणि तिथल्या परिचारिकांनी रक्तदाब मोजण्याचे व नोंदी ठेवण्याचे काम अंगावर घेतले. पण मुख्य भर लोक रोज काय विकत घेतात, काय शिजवतात आणि काय वाढतात यावर होता.

सुरुवातीची पत्रके, व्याख्याने आणि वर्तमानपत्रांतील लेख आवश्यक होते, परंतु माहितीने माणसाचे मत बदलले तरी हात जुन्याच डब्याकडे जातो, हे पथकाच्या लवकरच लक्षात आले. घरातला स्वयंपाक जिच्या हाती होता, तिच्यापर्यंत पोचल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हते. फिनलंडमध्ये ‘मार्ता’ ही गृहिणींची जुनी संघटना आहे आणि तिच्या शाखा खेडोपाडी होत्या. आपल्याकडील महिला मंडळाचे एखादे सुसंघटित, पाककलेत मुरलेले रूप डोळ्यांसमोर आणले तर तिची कल्पना येईल. तिच्या सदस्यांनी गावोगावी ‘दीर्घायुष्याचे मेळावे’ भरवले. आधी प्रकल्पातील कुणीतरी थोडक्यात बोलायचे, मग सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा आणि एकत्र जेवायचे. मांसाच्या पारंपरिक रश्श्यातले मांस कमी करून त्यात गाजर, बटाटा आणि सलगमासारखी कंदमुळे वाढवली जात. राय या धान्याच्या पिठाच्या पातळ पोळीत भाताची लापशी भरून भाजलेला करेलियन पिराक्का हा तिथला जिव्हाळ्याचा पदार्थ. तो सोडा असे कुणाला सांगावे लागले नाही. नवे काहीतरी आणून जुने पुसायचे नाही, जुन्याच पदार्थाचे प्रमाण बदलायचे, ही रीत मार्ताच्या बायकांना डॉक्टरांपेक्षा चांगली ठाऊक होती.

याबरोबरच गावात ज्यांचा शब्द ऐकला जातो अशा शेकडो साध्या नागरिकांना प्रशिक्षण देण्यात आले. ते दुकानात, चर्चच्या आवारात, शेजाऱ्याच्या ओसरीवर भेटणारे आणि रोजच्या बोलण्यात हा विषय काढणारे लोक होते. पुढे गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या स्पर्धाही झाल्या. स्पर्धेत जिंकायचे ते गावाने, त्यामुळे एकाच्या लोण्याकडे दुसऱ्याचे लक्ष राहू लागले.

लोण्याचा प्रश्न हा शेतकऱ्याचा प्रश्न

इथपर्यंतची कथा सर्वत्र सांगितली जाते. मला यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण आहारविषयक सरकारी मोहिमा बहुधा इथेच अडखळतात.

लोणी कमी खा असे सांगणे म्हणजे ज्या प्रांताची अर्थव्यवस्था दुधावर उभी आहे, त्या प्रांताला आपले पीक विकत घेऊ नका असे सांगणे होते. दूध उत्पादकांच्या संघटनांचा विरोध अटळ होता आणि तो झालाही. हा विरोध केवळ हितसंबंधांचा म्हणून बाजूला सारता येत नाही. थंड, दगडाळ जमिनीत मोजक्या गाईंवर घर चालवणाऱ्या माणसाला त्याच्या दुधातील स्निग्धांशाचे पैसे मिळत होते, आणि तोच स्निग्धांश आता सरकारी पगारावरचा डॉक्टर विष ठरवत होता. आपल्या तालुक्याच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी उभ्या राहणाऱ्याला हा पेच लगेच कळेल. कॅनमधल्या दुधाची फॅट आणि एसएनएफ (म्हणजे चरबी सोडून उरलेले घन पदार्थ) मोजली जाते आणि फॅट कमी लागली की दर उतरतो. ज्या दरपत्रकात चरबीला पैसे आहेत, त्या दरपत्रकाखाली उभे राहून चरबी कमी करण्याचा उपदेश करणे निरर्थक आहे.

विरोधकांचा एक आक्षेप शास्त्रीय होता : या लोकांचे कोलेस्टेरॉल त्यांच्या रक्तातच, वंशातच असेल; आहार बदलून काय होणार? त्याचे उत्तर देण्यासाठी उत्तर करेलियातच एक नेटका प्रयोग करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष १९८२मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यमवयीन ५४ स्त्रीपुरुषांनी सहा आठवडे कमी चरबीचा, वनस्पतिजन्य तेलांचे प्रमाण वाढवलेला आहार घेतला. पुरुषांच्या कोलेस्टेरॉलची सरासरी २६३वरून २०१वर आली आणि स्त्रियांची २३९वरून १८८वर. नंतर तीच माणसे आपल्या नेहमीच्या जेवणाकडे परतली आणि आकडे पुन्हा चढले. या परतीच्या सहा आठवड्यांनी जे सिद्ध केले, ते कितीही व्याख्यानांनी सिद्ध झाले नसते. दोष वंशाचा असेलही थोडा, पण सूत्र ताटाच्या हाती होते.

तरीही पुराव्याने शेतकऱ्याचे पोट भरत नाही. म्हणून प्रकल्पाने दुसऱ्या बाजूने काम सुरू केले. कमी चरबीचे दूध आणि मऊ वनस्पतिजन्य लोणी बाजारात येण्यासाठी दुग्धशाळांशी चर्चा झाल्या. स्थानिक सॉसेज कारखान्याने चरबीचा काही भाग काढून त्या जागी तिथल्या जंगलातली अळंबी घालून पाहिली. बेकऱ्यांनी पावातील मीठ हळूहळू उतरवले. उत्तरेकडील थंडीत येऊ शकणाऱ्या तेलबियांच्या, मोहरीच्या कुळातल्या वाणांमुळे १९८०च्या दशकात देशी तेल उपलब्ध झाले, आणि लोण्याला पर्याय म्हणून परदेशी तेल आणावे लागेल ही राजकीय अडचण दूर झाली. दुधाची किंमत ठरवताना चरबीऐवजी प्रथिनांना अधिक वजन देण्याकडेही हळूहळू कल झाला.

यात मला सर्वांत विचारपूर्वक केलेला वाटतो तो बेरी प्रकल्प. फिनलंडच्या उन्हाळ्यात दिवस फार लांब असतो आणि स्ट्रॉबेरी, करंट यांसारख्या फळझाडांना तो मानवतो. फळे खा असे सांगायचे आणि ती दक्षिणेकडील देशांतून महागात आणायची, यापेक्षा दारातच पिकणारे फळ वाढवावे, असा विचार पुढे आला. १९८५मध्ये शासकीय साहाय्याने सुरू झालेल्या या कामात शेतकऱ्यांना बेरीची लागवड, साठवण आणि विक्री यांसाठी मदत मिळाली. गोठवून ठेवण्याच्या सोयीमुळे हंगामापुरते असलेले फळ वर्षभर ताटात येऊ लागले. लोण्याचे उत्पन्न घटेल म्हणून धास्तावलेल्या प्रांताला यातून दुसऱ्या पिकाचा एक खरा मार्ग दिसला. सगळे दूध उत्पादक बेरीकडे वळले नाहीत, वळणारही नव्हते. पण आरोग्य खात्याने सांगितलेला बदल आणि कृषी खात्याने दिलेला आधार एकाच दिशेने जाऊ लागला, याला फार अर्थ आहे. बहुतेक देशांत ही दोन खाती एकमेकांकडे पाठ करून उभी असतात.

प्रांतापासून देशापर्यंत

पहिली पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, १९७७पासून, प्रकल्पाचे अनुभव देशभर वापरले जाऊ लागले. राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर आरोग्याच्या मालिका झाल्या, ज्यांत सामान्य माणसांचा एक गट सवयी बदलण्याचा प्रयत्न करताना आठवड्यामागून आठवडा दिसे. धूम्रपानविरोधी कायदा १९७६मध्ये झाला होता. १९४०च्या दशकापासून सर्व मुलांना मोफत मिळणारे शालेय जेवण हे एक तयार साधन होतेच. तिथे दूध, पाव आणि भाजी कोणती वाढायची हे ठरले की एका पिढीची जीभ घडते.

मिठाच्या बाबतीत मात्र शासनाने आर्जव सोडून नियमाचा आधार घेतला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस फिनिश माणसाच्या पोटात दिवसाला सुमारे १२ ग्रॅम मीठ जात होते. १९९३पासून पाव, सॉसेज, चीज अशा मिठाचा मोठा वाटा असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर मिठाचे प्रमाण लिहिणे बंधनकारक झाले, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे मीठ असेल तर ‘मीठ जास्त’ असे शब्द छापावे लागले. आपल्या मालावर हे शब्द कोणत्याही कारखानदाराला नको असतात. त्यामुळे ग्राहकाने वेष्टन वाचले नाही तरी कारखान्यातले मिश्रण बदलले, आणि मला वाटते की अशा नियमांचा खरा परिणाम खरेदीदाराच्या डोळ्यांपेक्षा उत्पादकाच्या पाककृतीवर होतो. भारतात औद्योगिक ट्रान्स फॅटची (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीची) मर्यादा जानेवारी २०२२पासून दोन टक्क्यांवर आणण्यात आली, तीही याच जातीची कृती आहे. वडा तळणाऱ्याला काही समजावून न सांगता त्याच्या डब्यातले वनस्पती तूप बदलले.

आकडे काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

२००६पर्यंत उत्तर करेलियातील कामकरी वयाच्या पुरुषांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर सुमारे ८५ टक्क्यांनी घटला होता. पावाला लोणी लावणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांवरून पाच टक्क्यांच्या खाली गेले, पुरुषांच्या कोलेस्टेरॉलची सरासरी सुमारे २१०पर्यंत उतरली आणि धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण अर्ध्याहून अधिकवरून एकतृतीयांशाच्या आत आले.

हे सगळे प्रकल्पामुळेच झाले का? इथे सावध राहायला हवे. तुलनेसाठी निवडलेल्या कुओपिओतही मृत्यू घटत गेले, आणि काही वर्षांतच साऱ्या फिनलंडमध्ये घसरण सुरू झाली. टीकाकारांनी यावरून प्रकल्पाचा स्वतंत्र परिणाम सिद्ध होत नाही असा आक्षेप घेतला, आणि काटेकोर प्रयोगाच्या कसोटीवर तो रास्त आहे. पण कुओपिओभोवती भिंत घालता येत नव्हती. वर्तमानपत्रे, नभोवाणी आणि दुकानातले कमी चरबीचे दूध प्रांताची सीमा ओळखत नाहीत. उपचारांतही या काळात मोठी सुधारणा झाली. १९७२ ते २०१२ या चाळीस वर्षांच्या नोंदींवर झालेल्या विश्लेषणात मृत्यूंमधील घटीचा साधारण दोनतृतीयांश भाग कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान या तीन घटकांतील बदलांनी स्पष्ट होतो असे आढळले, आणि त्यांत कोलेस्टेरॉलचा वाटा सर्वांत मोठा होता. उरलेल्या भागात नवी औषधे आणि शस्त्रक्रिया यांचा हात असणार.

या आकड्यांवरून आपल्याकडे वरणभातावरच्या चमचाभर तुपाचा निकाल लावण्याचा मोह कुणाला झाला, तर तो टाळावा. करेलियातील लोण्याचे प्रमाण आणि इथले प्रमाण यांची तुलनाच होत नाही. मधुमेह, पॉलिश केलेला तांदूळ, साखर आणि तळण हे आपले प्रश्न निराळे आहेत. घेण्याजोगी आहे ती कामाची पद्धत : आधी मोजणी, मग स्वयंपाकघरात प्रवेश, आणि त्याच वेळी शेतकरी व कारखानदार यांच्याशी व्यवहाराची बोलणी.

प्रकल्प उत्तर करेलियात १९९७पर्यंत चालला, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षे, आणि या सर्व काळात त्याचे नेतृत्व पुस्का यांच्याकडेच राहिले. एवढ्या मुदतीत सरकारे अनेकदा बदलली. प्रकल्प टिकला, कारण तो राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या नियमित कामाचा भाग झाला होता. दर पाच वर्षांनी पाहणी होत राहिली, म्हणूनच पुढची गोष्टही कळू शकली. २००७ ते २०१२ या काळात कोलेस्टेरॉलची सरासरी अनेक दशकांनंतर प्रथमच किंचित वर चढली. पिष्टमय पदार्थ टाळून चरबी खाण्याचे आहारपंथ लोकप्रिय झाले होते आणि लोणी पुन्हा घरात येऊ लागले होते. वजनाचा प्रश्न तर आधीपासूनच वाढत होता, कारण जंगलातले काम यंत्रांकडे गेले आणि माणसे बसून राहू लागली. २०१२मध्ये पाहणीला आलेल्या तिशीतल्या तरुणांचा जन्म प्रकल्प सुरू झाल्यानंतरचा होता. १९७१मध्ये ज्यांनी सह्या केल्या, त्यांच्यासमोर गावातल्या चाळिशीतल्या पुरुषांच्या अंत्ययात्रा होत्या. या तरुणांना त्या पाहाव्या लागल्या नव्हत्या.